४२ दिवसांचं दूध

आमच्या गावात गाय कधी भरवली, म्हणजे गाभण राहावी म्हणून तिला रेतन कधी केलं, हे तारखेनं कोणी सांगत नाही. 'तान्ह्या पोळ्याच्या दिशी', 'घट बसले त्याच्या दोन दिवस आंधी', 'पयला वेचा (कापसाची वेचणी) झाला तवा' असं सांगतात, आणि त्यातून तारीख काढायचं काम माझं. वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा घाडगे तालुक्यात, नागपूर-अमरावती महामार्गापासून आतल्या एका गावात मी दूध संकलन केंद्र चालवते. सकाळी सहा ते साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसात दूध घ्यायचं, फॅट-एसएनएफ (दुधातले स्निग्धांश आणि बाकीचे घनपदार्थ) लावायचं, आणि मधल्या वेळात आसपासच्या जनावरांच्या तारखा सांभाळायच्या. माझे धाकटे दीर, आम्ही भाऊजी म्हणतो, कृत्रिम रेतनाचं काम करतात. वीर्य गोठवून ठेवायचं नायट्रोजनचं भांडं मोटरसायकलला बांधून बारा-चौदा गावं फिरतात. तालुक्याच्या गावी त्यांचं पशुखाद्याचं आणि औषधांचं छोटं दुकान आहे. एक कॉम्प्युटर माझ्याकडे केंद्रात, दुसरा त्यांच्या दुकानात. या दोन कॉम्प्युटरांवरची कॅलेंडरं एकसारखी राहावीत म्हणून मी वर्षभर धडपडले. त्यात एका घरचं नुकसान माझ्या हातून झालं. म्हणून काहीही न लपवता सगळं लिहिते.

गाय माजावर आली, सोट (चिकट स्राव) टाकायला लागली, भरवली, की त्या एका दिवसातून चार तारखा निघतात. २१ व्या दिवशी उलटते का, म्हणजे न धरता पुन्हा माजावर येते का, ते बघायचं. खरं तर १८ ते २४ दिवसांत डोळ्यात तेल घालून बघावं लागतं. तीन महिन्यांनी हात घालून गाभण तपासणी. गाय साधारण २८० दिवसांनी विते, म्हैस ३१० च्या आसपास. आणि विण्याच्या ६० दिवस आधी आटवायची, म्हणजे दोहणं बंद करायचं, कारण कासेला विश्रांती मिळाली नाही तर पुढच्या वेताचं दूध घटतं. पहिली तारीख हलली की उरलेल्या सगळ्या हलतात. भाऊजींनी सुरुवातीची काही वर्षं हे वहीतच केलं आणि चांगलं केलं. पण जनावरं दोनशेच्या वर गेली. उद्या कोणाच्या दारी जायचं हे वही आपणहून सांगत नाही.

केंद्रातल्या कॉम्प्युटरवर मेल बघायला थंडरबर्ड टाकलेलं होतं. त्यात कॅलेंडर असतं आणि इंटरनेट नसलं तरी ते चालतं. आमच्याकडे ही मोठीच सोय. मी त्यात नोंदी घ्यायला लागले. गायीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडी नंबर असतो. त्याचे शेवटचे चार आकडे, मालकाचं नाव आणि काम, एवढंच शीर्षकात. भाऊजींच्या दुकानातही थंडरबर्ड टाकलं.

मग पेन ड्राइव्ह सुरू झाला. दर रविवारी मी माझं कॅलेंडर 'एक्स्पोर्ट' करायची, आयसीएस नावाची फाइल निघायची, ती पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि भाऊजी दुकानात जाऊन ती 'इम्पोर्ट' करायचे. परतीच्या फेरीत त्यांची फाइल माझ्याकडे. पहिले दोन-तीन महिने छान गेले. माझ्या नव्या नोंदी त्यांच्याकडे दिसायच्या, त्यांच्या माझ्याकडे. मी ज्याला-त्याला सांगायची, आमचे दोन्ही कॉम्प्युटर एक झाले म्हणून.

इम्पोर्ट संपलं की पडद्यावर एक ओळ यायची: इतक्या नोंदी आधीपासून आहेत, म्हणून वगळल्या. मला ते बरंच वाटायचं. तीच नोंद दोनदा येत नाही, म्हणजे चांगलंच की. त्या एका ओळीत आमचं सगळं नुकसान होतं. मी ती प्रत्येक रविवारी वाचली आणि प्रत्येक रविवारी 'ओके' दाबलं.

आमच्या केंद्राच्या मागच्या गल्लीत एक काकी राहतात. त्यांचं घर एका जर्सी संकर गायीवर चालतं. मुलगा पुलगावकडे कामाला, शेत दीड एकर कोरडवाहू. २०२४ च्या तान्ह्या पोळ्याला, म्हणजे ३ सप्टेंबरला, भाऊजींनी ती गाय भरवली. मी त्याच संध्याकाळी नोंद घेतली: विण्याची तारीख १० जून २०२५, आटवायची ११ एप्रिल. रविवारी ती भाऊजींच्या कॉम्प्युटरवर गेली. पुढे २४ सप्टेंबरला गाय उलटली, पुन्हा भरवली. १५ ऑक्टोबरला परत उलटली, तिसऱ्यांदा भरवली, तेव्हा कुठे धरली. भाऊजींनी दुकानात बसून आधीचीच नोंद उघडली, माऊसनं ओढून विण्याची तारीख २२ जुलैवर नेली, आटवायची २३ मेवर नेली. बरोबरच केलं त्यांनी. १३ जानेवारीला गाभण तपासणी झाली, तेही लिहिलं.

माझ्या कॉम्प्युटरला यातलं काही कळलं नाही. दर रविवारी त्यांची फाइल यायची आणि ती नोंद 'आधीपासून आहे' म्हणून वगळली जायची. ११ एप्रिलला सकाळी माझ्या पडद्यावर घंटी वाजली आणि मी दूध घालायला आलेल्या काकींना सांगितलं, "काकी, आता गाय आटवायला घ्या." त्या वेळी ती गाय दोन्ही वेळचं मिळून चार लिटर देत होती. काकींनी माझ्या शब्दावर चारा-ढेप (पेंड) कमी केली, दोहणं एकाड एक केलं आणि आठवडाभरात गाय आटवली.

जूनमध्ये मृग लागला, १० तारीख गेली, १८ गेली. काकी केंद्रात आल्या. हातात कॅन नव्हताच. "बाई, गाय काई व्याली नाई व अजून. कास बी उतरली नाई." मी भाऊजींना फोन लावला. ते म्हणाले, "वहिनी, तिची तारीख तं बावीस जुलै हाय. मी कवाचीच बदलवली." मी म्हटलं, माझ्याकडे १० जून आहे. दोघंही गप्प झालो.

काकींनी मला एक शब्दही वावगा बोलला नाही. एवढंच म्हणाल्या, "तू सांगतलं म्हून आटोली ना मी." ४२ दिवस लवकर. चार लिटरनं १६८ लिटर दूध. तेवढ्या दुधाचे पैसे मी त्यांच्या हिशेबात टाकायला गेले तर त्यांनी घेतले नाहीत. शेवटी ढेपेच्या पोत्यांनी थोडंफार फेडलं. पण उन्हाळ्यात, हातात दुसरं काहीच येत नाही अशा दिवसांत, त्यांच्या घरात जे रोजचे पैसे यायला हवे होते ते आले नाहीत. ती गोष्ट ढेपेनं भरून निघत नाही.

त्या रात्री वीज नव्हती. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर लावून मी आयसीएस फाइल नोटपॅडमध्ये उघडली. ती साधी मजकुराची फाइल असते, कोणालाही वाचता येते. प्रत्येक नोंदीचा एक कप्पा. त्यात सुरू व्हायची तारीख, शीर्षक, शेवटचा बदल कधी झाला ती वेळ, आणि यूआयडी नावाची एक लांबलचक अक्षर-आकड्यांची ओळ. हा साचा आयकॅलेंडर नावानं १९९८ मध्ये ठरला आणि आजही जवळपास सगळी कॅलेंडरं तोच वापरतात. भाऊजींची फाइल मी शेजारी उघडली. काकींच्या गायीची नोंद दोन्हीकडे होती, यूआयडी अक्षर न् अक्षर सारखा. खाली तारीख मात्र वेगळी. माझ्याकडे २०२५०६१०, त्यांच्याकडे २०२५०७२२.

तेव्हा मला उमगलं. यूआयडी म्हणजे गायीच्या कानातला बिल्ला. इम्पोर्ट करताना थंडरबर्ड फक्त बिल्ला बघत होतं. बिल्ला ओळखीचा असला की पुढं चाल. नवा असला की आत घे. आत शिरून तारीख बदललीय का हे बघायचं त्याचं कामच नव्हतं. इम्पोर्ट म्हणजे भर घालणं, जुळवणं नव्हे. आणि खोडलेली नोंद तर फाइलमध्ये नसतेच, मग ती खोडली हे दुसऱ्या कॉम्प्युटरला कळणार कसं? नवी नोंद कशानंही पलीकडे जाते, पेन ड्राइव्हनं जाते, चिठ्ठीनंही जाते. बदललेली आणि खोडलेली नोंद जाते का, हे मी कधी तपासलंच नव्हतं. तेव्हापासून कुठलीही नवी पद्धत हाती आली की मी आधी तेवढंच तपासते: इथे एक नोंद करायची, तिकडे दिसली का; तिकडे तारीख बदलायची, इथे बदलली का; इथे खोडायची, तिकडून गेली का. मग हेच उलट्या दिशेनं.

लगेच दुसरा उपाय केला तो फसला. दोन कॉम्प्युटरांमधलं एक फोल्डर आपोआप सारखं ठेवणारा एक प्रोग्राम मिळाला. मी थंडरबर्डचा कॅलेंडरचा डेटा ज्या फोल्डरात असतो तेच फोल्डर त्याला दिलं. दोन अडचणी आल्या. एक म्हणजे तो प्रोग्राम एका मशीनवरून थेट दुसऱ्यावर पाठवायचा, मधे कोणी नाही. त्यासाठी दोन्ही कॉम्प्युटर एकाच वेळी चालू हवेत. माझा चालू सकाळी नि संध्याकाळी, त्यांचं दुकान दहा ते साडेपाच, आणि त्यात वीज कधी इथली गेलेली, कधी तिथली. आठवड्यातून एखादा तास दोन्ही सोबत चालू असायचे. दुसरी अडचण मोठी. थंडरबर्ड त्या कॉम्प्युटरवरच्या सगळ्या नोंदी एका डेटाबेस फाइलमध्ये ठेवतं. मी इथे एक नोंद केली, त्यांनी तिथे एक केली, की पूर्ण फाइलच दोन प्रकारची झाली. फोल्डरला आतल्या नोंदी कळत नाहीत, त्याला फक्त फाइल कळते. एक फाइल राहिली, दुसरी 'कॉन्फ्लिक्ट' असं नाव लागून बाजूला पडली, आणि भाऊजींच्या एका दिवसाच्या सात नोंदी तिच्यात अडकल्या. वहीत होत्या म्हणून वाचलो. चालू असलेली डेटाबेस फाइल अशी उचलून नेणं मुळातच चूक. मधेच उचलली तर ती बिघडूही शकते.

यातून एक गोष्ट पक्की झाली. आमचे दोन कॉम्प्युटर एकमेकांना भेटतच नाहीत, तर मधे तिसरी जागा पाहिजे. कायम चालू असणारी. आपल्याला वेळ मिळेल तेव्हा तिथे ठेवून यावं, त्यांना मिळेल तेव्हा त्यांनी घेऊन जावं. आणि तिला प्रत्येक नोंद वेगवेगळी ओळखता आली पाहिजे, पूर्ण गठ्ठा नव्हे.

या कामासाठी कॅलडॅव नावाची पद्धत २००७ पासून आहे, हे मी तेव्हा वाचलं. कॅलेंडर सर्व्हरवर, म्हणजे मधल्या कायम चालू कॉम्प्युटरवर राहतं, प्रत्येक नोंद तिथे स्वतंत्र, आणि प्रत्येकीला सर्व्हर आवृत्तीची एक खूण लावतो. तुम्ही नोंद बदलून पाठवली की सोबत तुमच्याकडची खूणही जाते. सर्व्हरकडची खूण तीच असली तर बदल स्वीकारतो. दरम्यान दुसऱ्या कोणी ती बदलली असली तर खूण जुळत नाही, तो बदल परत पाठवतो आणि थंडरबर्ड तुम्हाला विचारतं: सर्व्हरवरची ठेवू की तुमची? पेन ड्राइव्ह हे कधीच विचारत नव्हता. विचारलं असतं तर काकींची गाय आटवली नसती.

गूगल कॅलेंडर कॅलडॅवनं थंडरबर्डला जोडता येतं, म्हणून कामासाठी एक वेगळं खातं काढलं. तिथेही मी आधी चुकले. कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये एक गुप्त पत्ता असतो, तो मी भाऊजींच्या थंडरबर्डमध्ये टाकला. नोंदी दिसल्या, त्यांना लिहिता मात्र येईना. तो पत्ता फक्त बघण्यापुरता असतो. मग नीट केलं: थंडरबर्डमध्ये नवं कॅलेंडर, 'नेटवर्कवर' हा पर्याय, खात्याचा मेल पत्ता, लॉगिनची खिडकी उघडते तिथे परवानगी, आणि यादीतून आपलं कॅलेंडर निवडायचं. दोन्ही कॉम्प्युटरवर अगदी तसंच.

आमच्यासारख्या ठिकाणी एका खुणेवर सगळं अवलंबून आहे. कॅलेंडरच्या गुणधर्मांत 'ऑफलाइन' वापराची एक चौकट असते. ती खूण असली की सगळ्या नोंदींची प्रत कॉम्प्युटरवरही राहते. नेट नसताना तारखा दिसतात, नवी नोंद करता येते, आणि नेट आलं की ती वर जाते. आमच्या केंद्रात नेट म्हणजे माझ्या मोबाइलचं हॉटस्पॉट, आणि पावसाळ्यात टॉवर गेला की दोन-दोन दिवस नसतं. दर किती मिनिटांनी ताजं करायचं तेही तिथेच ठरतं. मी १५ मिनिटं ठेवलं. केंद्र बंद करण्याआधी मी एकदा हातानं 'सिंक' दाबते, रात्रीच्या वेळी दारं-खिडक्या बघतो तसं.

जुन्या नोंदींचं काय करायचं हा प्रश्न राहिला होता. दोन्ही कॉम्प्युटरांत मिळून पाचशेच्या वर नोंदी होत्या आणि कुठली खरी हे मशीन सांगू शकत नव्हतं. ऑगस्टमध्ये, पोळ्याच्या आधी, तीन रात्री आम्ही तिघं बसलो. जाऊबाई वही घेऊन, भाऊजी त्यांच्या नोंदींची छापील यादी घेऊन, मी माझी. जाऊबाई बिल्ल्याचे चार आकडे वाचायच्या, मग भरवल्याची तारीख, मग शेरा. दोन्ही यादीत तीच असली तर बरोबरची खूण. वेगळी असली की वही खरी, आणि वहीतही खाडाखोड असली की दुसऱ्या दिवशी भाऊजी त्या घरी जाऊन गाय बघून यायचे. अशी वेगळी निघालेली जनावरं अकरा होती. काकींची धरून अकरा. बाकीच्या दहांपैकी तीन घरांना मी माझ्याकडची चुकीची तारीख सांगून बसले होते. अजून वेळ होती, दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घेतानाच तिन्ही दुरुस्त केल्या. एका घरची म्हैस तर मी गाभण धरून चालले होते आणि ती रिकामी निघाली होती. त्या घरी मी स्वतः गेले.

वहीवरून जुळवलेल्या नोंदी मी एकाच कॉम्प्युटरवरून, एकदाच, वर चढवल्या. दोन्हीकडून चढवल्या असत्या तर पुन्हा दुहेरी. मग दोन्ही कॉम्प्युटरवरची जुनी स्थानिक कॅलेंडरं एकेक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवून काढून टाकली. हे काढताना माझा हात थरथरत होता, पण ती तशीच राहिली असती तर कोणीतरी सवयीनं जुन्यातच लिहिलं असतं.

आणि मग घड्याळ आडवं आलं. मी सकाळी ७ ची नोंद करावी तर भाऊजींकडे ती आदल्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला दिसायची. २१ व्या दिवसाचं काम २० व्या दिवशी. मला वाटलं सिंकच बिघडलं, सगळं मुळापासून करायचं. दोन दिवस त्यात गेले. त्यांच्या कॉम्प्युटरचं घड्याळ तर अगदी बरोबर दाखवत होतं, भिंतीवरच्या घड्याळाशी मिनिटाला मिनिट जुळत होतं. शेवटी मी घड्याळाच्या सेटिंगमध्ये जाऊन टाइम झोन बघितला. अमेरिकेचा पश्चिम किनारा! ज्यानं मशीन फॉरमॅट करून दिलं होतं त्यानं झोन तसाच ठेवला होता, आणि काटे फक्त हातानं आपल्या वेळेवर आणले होते. म्हणजे घड्याळ भारताचं, हिशेब अमेरिकेचा. आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, तिकडची उन्हाळ्यात सात तास मागे. एकूण साडेबारा तासांचा फरक. सकाळच्या ७ मधून साडेबारा तास वजा केले की आदल्या संध्याकाळचे साडेसहा येतात. कॅलेंडर बिचारं बरोबर गणित करत होतं.

झोन भारताचा केला, वेळ नेटवरून आपोआप घेण्याची खूण केली, नोंदी जागेवर आल्या. पण चारच दिवसांनी, वीज जाऊन आल्यावर, तेच मशीन २००९ सालात जाऊन बसलं. त्यातली बटण सेलसारखी बॅटरी, सीआर२०३२, संपली होती. वीज गेली की मशीन तारीख विसरायचं. तारीख इतकी मागे असली की सर्व्हरच्या सुरक्षेचं प्रमाणपत्र 'अजून सुरूच झालेलं नाही' असं त्याला वाटतं आणि ते जोडणीच नाकारतं. भाऊजींना फक्त 'जोडता येत नाही' एवढंच दिसत होतं आणि ते पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत बसले होते. चाळीस रुपयांचा सेल बदलला. आता सिंक होत नाही असं कोणी म्हटलं की मी सगळ्यात आधी तारीख, वेळ आणि झोन विचारते. पासवर्डचं नंतर.

या घड्याळाच्या भानगडीतून एक चांगला बदल झाला. आटवणं, विणं, गाभण तपासणी, यांना तास-मिनिटं लागतच नाहीत. मी या नोंदी 'दिवसभर' या प्रकारात घ्यायला लागले. अशा नोंदीत नुसती तारीख असते, वेळ आणि झोन नसतोच, त्यामुळे घड्याळ कुठल्या देशात गेलं तरी ती हलत नाही. तास लागतो तो फक्त भरवायच्या वेळेला: सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या सकाळी. तेवढ्याच नोंदी वेळेसकट.

दोन माणसांनी एकाच नोंदीत हात घालायचा तर नियम पाहिजेत, ते आम्ही बसून ठरवले. तारीख बदलायचा अधिकार भाऊजींचा, कारण हात घालून तपासतात ते. मी नोंद करते, निरोप पोचवते, निरोप पोचला की शेऱ्यात लिहिते. खोडायचं कोणीच नाही. गाय उलटली तर जुन्या नोंदीच्या शीर्षकापुढे 'उलटली' लिहायचं, ती तशीच ठेवायची आणि नवी नोंद घ्यायची. त्यामुळे एखादी गाय किती वेळा उलटली हे तिच्या चार आकड्यांवर शोधलं की ओळीनं दिसतं, आणि तीनदा उलटली की भाऊजी सरळ डॉक्टरांना दाखवायला सांगतात. पूर्वी हे कळायला वहीची पानं चाळावी लागत. शेतकऱ्यांचे मोबाइल नंबर मी आधी नोंदीतच टाकायची, ते काढले. दुकानातला पडदा गिऱ्हाइकांना दिसतो.

वही बंद केलेली नाही. जाऊबाई रोज संध्याकाळी लिहितात, आणि महिन्याच्या १ तारखेला मी एक आयसीएस काढून पेन ड्राइव्हवर ठेवते. तो आता फक्त साठवणीचा; त्यावरून इम्पोर्ट करायचं नाही असं मी त्यावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवलं आहे.

ऑक्टोबरात एकदाच तो प्रश्न पडद्यावर आला. टॉवर गेला होता. मी केंद्रात एका म्हशीच्या शेऱ्यात निरोप पोचल्याचं लिहिलं आणि त्याच दिवशी भाऊजींनी दुकानातून तिची तारीख बदलली. नेट आल्यावर माझ्याकडे खिडकी उघडली: ही नोंद सर्व्हरवर बदलली आहे, काय करू? मी काही न दाबता आधी भाऊजींना फोन लावला. मग सर्व्हरवरची ठेवली, आणि माझा शेरा पुन्हा लिहिला.

काकींची गाय २० जुलैला व्याली, कालवड झाली. १० ऑक्टोबरला ती पुन्हा भरवली. ३१ तारखेला मी आणि काकी दोघीही गोठ्यात जाऊन उभ्या राहिलो, उलटली नाही. ८ जानेवारीला भाऊजींनी तपासलं, गाभण आहे. गोठ्यातूनच त्यांनी मला फोन केला, मी केंद्रात नोंद उघडून बसले, आणि दुकानात पोचल्यावर त्यांनी 'गाभण' असं लिहिलेलं पंधरा मिनिटांत माझ्याकडे उमटलं. विण्याची तारीख १७ जुलै २०२६, आटवायची १८ मे.

संध्याकाळी काकी दूध घालायला आल्या तेव्हा मी त्यांना दोन्ही तारखा चिठ्ठीवर लिहून दिल्या. त्यांनी ती पदराच्या गाठीत बांधली आणि विचारलं, "भाऊजीच्या मशिनीत बी हेच हाय ना?"

मी पडदा त्यांच्याकडे वळवला, भाऊजींना फोन लावला आणि आवाज मोठा केला. "भाऊजी, काकींची गाय, आटवायची तारीख वाचा." पलीकडून आवाज आला, "अठरा मे." काकींनी पडद्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं, एक आणि आठ, आणि मग कॅन पुढे केला.